शेजारच्या काउंटीचा नागरिक

माझ्या नातीचा बाप्तिस्मा झाला त्या वर्षी शेजारच्या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, आमदार ट्रास्क एक छापील तक्ता घेऊन आमच्या चर्चमध्ये आला. मिसिसिपीच्या कोणत्या काउंटीत मतदानाच्या वयाचे किती नागरिक, ते त्यात होतं. “तुमच्याकडे चारशे माणसं कमी पडली. आता तुमची विधानसभेतली जागा आमच्या काउंटीत जाणार,” तो म्हणाला. मी वाचायला उशिरा शिकले, म्हणून आकड्यांखाली बोट ठेवून सावकाश वाचलं. “तुझ्याकडे एवढी माणसं आली कुठून रे? तिथे पिकतात दोनच गोष्टी, कापूस आणि कैदी.” चर्चमधली सगळी माणसं हसली. “मावशी, माणूस झोपतो तिथे मोजायचा, असा नियम आहे.” “मावशी म्हणायला मी तुझ्या आईची बहीण नव्हे. माझा मुलगा एझ्रा तुझ्या तुरुंगात आहे. त्याला मत देता येतं?” “नाही.” “कधी भेटलास त्याला?” “तो काही माझा मतदार नाही.” “म्हणजे मोजायला तुझा आणि भेटायला माझा! अरे, गुरं मोजणारासुद्धा त्यांना पाणी दाखवतो. माझा मुलगा इकडे मोज.” ट्रास्कने घड्याळ पाहिलं आणि तक्त्याची घडी घातली. “पुढची मोजणी दहा वर्षांनी. तेव्हा बघू.” आमची जागा गेली. तक्ता अजून तोच चालतो, आणि एझ्रा अजून ट्रास्कच्या काउंटीचा नागरिक आहे. एझ्रा पुढच्याच वर्षी, मार्चच्या नऊ तारखेला, तुरुंगात वारला.