चिरलेल्या वाट्या

"उस्ताद, याही खेपेला सहा चिरलेल्या!" नफीसानं बोटाच्या पेरानं वाटी वाजवली. आवाज बद्द आला. "भट्टी म्हातारी झालीय की तुम्ही?"

"दोघंही, पोरी," रिश्तान गावाहून आलेला कुंभार तुर्सुन म्हणाला.

नफीसाची सासू साओदात कोपऱ्यात चहा ओतत होती. कोकंदमधलं हे दुकान तिचं. हल्ली कारभार सून बघायची.

"चौऱ्याण्णव हव्यात म्हणून शंभर मागवायच्या, वर वीस शिलकीत ठेवायच्या. ठेवू कुठे, डोक्यावर?" नफीसा म्हणाली. "पुढच्या खेपेत एक जरी खराब निघाली तरी आम्ही दुसरा कुंभार बघू."

तुर्सुननं साओदातकडे पाहिलं. तिनं मान वर केली नाही.

बिघडलेला माल उस्तादानं स्वतःच्या हातानं परत न्यायचा, ही रिश्तानची रीत. तेवढ्यासाठी तुर्सुन चार वर्षं दर महिन्याला येत होता. एरवी साओदातसारख्या विधवेच्या दारात त्याचं काय काम? मोहल्ला डोळे लावून बसलेला. म्हणून तो भट्टीजवळच्या ढिगातून सहा चिरलेल्या वाट्या निवडायचा आणि चांगल्यांत मिसळायचा. मग इथे दोन पेले चहा. 'पुढच्या महिन्यात किती पाठवू?' 'पाठवा शंभर.' एवढंच बोलणं.

या महिन्यात त्यानं एकेक वाटी तीनतीनदा वाजवून पाहिली. शंभरही निर्दोष होत्या. पेटी गाडीवर चढली, गाडी वळणाआड गेली, तरी तो रस्त्यातच उभा होता. तिच्या दुकानात त्याच्या वाट्या राहणार होत्या. त्यानं मात्र जायचं नव्हतं.

आठव्या दिवशी नफीसाचा फोन आला. "चार खराब निघाल्या. या घेऊन जायला."

म्हणजे व्यापारही गेला. कान गेले आपले, असं म्हणत तो कोकंदला पोचला.

नफीसानं चार वाट्या पुढे सरकवल्या. त्यानं पहिली वाजवली. खणखणीत. दुसरी, तिसरी, चौथीही.

"पोरी, यांत तर काहीच खोट नाही."

"आहे. मी सांगतेय ना? तुम्ही चांगल्याच पाठवत जा, दर महिन्याला चार खराब मी काढीन." तिनं आवाज खाली आणला. "बसा जरा. आई आत डोक्याचा रुमाल बदलतायत. आठवडाभर रिश्तानची गाडी आली की दारात येऊन उभ्या राहतात. गिऱ्हाइकाला आत यायला वाट उरत नाही."