संध्याकाळी सहाची खूण

कुमुद सिस्टर पंधरा दिवसांच्या रजेवरून परतल्या आणि आधी गावितकाकांच्या खाटेपाशी गेल्या. अर्धांगवायूने पडून असलेल्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलायची, ही शिस्त वॉर्डाला त्यांनीच लावली होती. खाटेला अडकवलेला तक्ता खुणांनी भरून गेला होता. आत्ता सकाळचे दहा वाजले होते, पण संध्याकाळी सहाच्या रकान्यातही खूण होती.

"आज तपासणी ना, म्हणून सगळं आधीच भरून घेतलं," व्यवस्थापक खाडिलकर कौतुकाने म्हणाले. "एक रकाना रिकामा सापडायचा नाही."

तेवढ्यात तपासणीचे साहेब आले. तक्ता पाहून त्यांनी मान डोलावली. "उत्तम. काम असं पद्धतशीर हवं."

"तक्ता पाहिलात, आता पेशंटही पाहा," म्हणत सिस्टरांनी काकांना अलगद वळवलं. कमरेखाली तळहाताएवढी जखम चिघळली होती. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"जखमांचाही वेगळा फॉर्म आहे आमच्याकडे," खाडिलकर घाईने म्हणाले.

चपलेला लागलेल्या घाणीकडे पाहावं तसं सिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "फॉर्म राहू द्या. खांदा धरा यांचा."

साहेबांसमोर नाही म्हणता येईना. खाडिलकरांनी दोन बोटांनी खांदा धरला.

"नीट धरा. आणि बारा वाजता पुन्हा या."

सिस्टर जखम धुऊ लागल्या. गावितकाका कण्हत होते. आपल्या एकमेव चालत्या हाताने त्यांनी खाडिलकरांचा कोट मुठीत गच्च धरला होता.