जाणकारांचे कान

नवऱ्याचं सुतक फिटलं, त्या रविवारी मामेलोडी वस्तीतल्या जॅझ मंडळातले त्याचे तिघे मित्र मोकगादीच्या दारात टेम्पो घेऊन हजर झाले. "वहिनी, तबकड्या आणि स्पीकर मंडळात नेतो," मोलोटो म्हणाला. "इथे धूळ खाणार. हे ऐकायला कान लागतात. तुम्ही मोबाईलवर गाणी लावून लापशी ढवळणाऱ्या!" बाकीचे दोघे हसले. नवराही असंच म्हणायचा. त्यानं तिला तबकडीला कधी हात लावू दिला नव्हता. मोकगादीनं वेष्टनावरचं चित्र आवडलं म्हणून एक तबकडी काढली, प्लेअरवर ठेवून सुई टेकवली. गाणं उंदरासारखं चिरकलं. "वेग चुकला, वहिनी!" मोलोटो कळवळला. तिनं शांतपणे बटण फिरवलं. ट्रम्पेट घरभर घुमला. तिघे तबकड्यांची खोकी उचलायला वाकले, तशी ती आडवी आली. "काही जाणार नाही. ऐकायचं तर बसा, पण खुर्च्या भिंतीला लावा. मला नाचायचंय."