तेलाचे ब्रेक

सभांना कर्णा पोचवणाऱ्या आमच्या जुन्या व्हॅनला सळयांचे ब्रेक होते. म्हणजे सळया होत्या. ती थांबत नाही हे माहीत असल्यामुळे पोलीस तिला हातच करत नसत. कमलाकांतने गिरगावात चाळीच्या अंगणात चार रविवार खपून तिला तेलाचे ब्रेक बसवले. नळीतली हवा काढायला सुमतीवहिनी आत बसून पेडल दाबत होत्या आणि हा गाडीखालून ओरडत होता, "दाब! सोड! दाब म्हटलं ना!"

"हाच आवाज सभेत लावा," वहिनी म्हणाल्या, "कर्णा लागायचा नाही."

पाचव्या रविवारी संयुक्त महाराष्ट्राच्या सभेसाठी परळला निघालो. लालबागच्या नाक्यावर एका हवालदाराने उगाच हात केला. गाडी जागच्या जागी थांबली. तोच दचकला. कर्ण्याचा परवाना नव्हता, म्हणून आम्हा सहाजणांना समोरच्याच चौकीवर नेलं.

"तीन वर्षांत कुणी अडवलं नव्हतं रे!" अच्युत कळवळला. "आता कर्ण्याशिवाय सभा!"

"पण थांबली कशी, बघितलंस?" कमलाकांत म्हणाला.

फौजदारांनीही बघितलं होतं. "आमच्या गाडीचे ब्रेक लागत नाहीत. कराल?"

"आत्ता करतो. पण चाचणी भरल्या गाडीवर घेतात. ही पाच माणसं आत हवीत. वजनाला तो कर्णाही राहू दे."

फौजदारांना पटलं. कमलाकांतने पान्याला हातही न लावता पोलिसांची गाडी सुरू केली. परळपर्यंत तीन हवालदार भेटले. एकानेही हात केला नाही. त्या गाडीला ब्रेक नाहीत, हे त्यांना आमच्या आधीपासून माहीत होतं.