शेवटचा कॉलम

सांगितलं होतं त्याच्या दुप्पट काम विजयकुमार प्रधानांनी केलं. नोकरीच्या रिन्यूअलची फाइल साहेबांच्या टेबलावर असली की माणूस असाच वागतो. लेकीची, अस्मिताची, बारावी मार्चमध्ये होती आणि तिचा व्हिसा बापाच्या व्हिसावर. तेवढं एक वर्ष मिळालं की खलास, परत डोंबिवली.

काम तसं मजेशीर होतं. दुबईच्या अल क्वोजमधली त्यांची कंपनी गोठवलेलं मटण आणायची. नव्या पाकिटांवर छापायला निनादसाहेबांना कोकरांसाठीचे जुने इंग्रजी शब्द हवे होते.

"यीनलिंग म्हणजे नुकतं जन्मलेलं," विजयकुमार मीटिंगमध्ये वाचत होते. "हॉगेट, दूध तुटल्यापासून पहिल्यांदा लोकर कातरेपर्यंत. गिमर, अजून न व्यालेली तरुण मेंढी. वेदर, खच्ची केलेला नर. कॉसेट, आई नसलेलं, हाताने दूध पाजून वाढवलेलं."

"ऑ, सो क्यूट!" एचआरची मुग्धा म्हणाली. "त्याचं पुढे काय होतं?"

"तेही विकतात."

त्यांनी तसा कॉलमच केला होता, कोणी न सांगता: मेंढपाळ याचं काय करतो. गिमर राखायची. हॉगेट विकायचं. वेदर कापायचा.

निनाद चौतीस वर्षांचा. तो खुर्चीतून पुढे झुकला.

"काका, शब्द ठीक आहेत. पण हा कॉलम जबरदस्त आहे! आपली स्टाफलिस्ट अशीच करून द्या ना. नाव, वय, किती वर्षं झाली, आणि शेवटी हे. फक्त 'कापायचं' नको, 'रिलीज' लिहा. हेड ऑफिसला आज पाठवायचीय."

यल्ला, चला चला म्हणत सगळे उठले. विजयकुमार बसून राहिले.

चारपर्यंत बेचाळीस नावांची यादी तयार झाली. शेवटच्या कॉलममध्ये वरपासून खालपर्यंत एकच शब्द. राखायचं, राखायचं, राखायचं. स्वतःसमोर मात्र जागा कोरी. आपलं आपण कसं लिहायचं?

निनाद त्यांच्या पाठीशी येऊन वाचत उभा राहिला आणि हसला. "काका, सगळेच राखले तर खाणार काय? मला दहा हवेत. तुम्ही बावीस वर्षं इथे आहात, तुमच्याइतकं कोण ओळखतं सगळ्यांना?"

ते शेवटचं वाक्य विजयकुमारांना आधारासारखं वाटलं. जो यादी करतो त्याला कोण यादीत धरतं?

पहिलं नाव बदलायला त्यांना वीस मिनिटं लागली. पॅकिंगचा इद्रीस, रत्नागिरीचा. दर ईदला डबा आणणारा. मग स्टोअरची सुमैय्या, गेल्याच महिन्यात रुजू झालेली. मग काम सरावाने होऊ लागलं. नववं नाव त्यांनी चहा पिता पिता केलं.

"नऊ झाले, सर."

"ग्रेट. उठा, मी बघतो."

निनाद त्यांच्या खुर्चीत बसला. अदबीने त्याने स्क्रीन थोडा आपल्याकडे वळवून घेतला. कीबोर्डवर सात-आठ टकटक झाली.

"काका, तुमचं जन्मसाल बरोबर आहे ना इथे?"

"बरोबर आहे," विजयकुमार म्हणाले. "मीच भरलंय."