हसण्याचा तिसरा दिवस

नदीवरचं धुकं स्पार्टाच्या बाजारात शिरलं होतं आणि खिलोनिस त्यातून हसत चालली होती. केसांना तेल, अंगावर सणाचं पांढरं वस्त्र. पाय जमिनीला टेकतात की नाही, असं वाटावं इतकी हलकी.

थेबेकरांनी स्पार्टाची फौज मोडली होती. परवा पडलेल्यांची नावं वाचली गेली, त्यात तिचा मुलगा दामिस होता. प्रेत मिळालं नव्हतं, पण त्याला कोसळताना दोघा शिपायांनी पाहिलं होतं. रीत ठरलेली. ज्यांचे मुलगे पडले त्या आयांनी हसत हिंडायचं, ज्यांचे परत आले त्यांनी लाजेने दार लावून बसायचं. एखादीच्या डोळ्यांत थेंब दिसला, तर तिच्या मुलाचं नाव वीरांतून खोडलं जाणार होतं.

"जिंकलीस पोरी," म्हातारी मेलित्ता म्हणाली. "माझे दोघे गेले तेव्हा माझी हनुवटी थरथरायची. तुझी हलतसुद्धा नाही."

"तुमच्याकडूनच शिकले, आजी."

बुधले मांडून बसलेला कोरिंथचा दारूवाला मघापासून तिच्याकडे बघत होता. "बाई, खरंच दुःख होत नाही?"

"तुमच्या गावी होतं?"

"आमच्याकडे आया ऊर बडवून घेतात."

"म्हणून तुमच्याकडे दारू चांगली होते," मेलित्ता म्हणाली. "शिपाई नाहीत."

तो हसला नाही. "प्रत्येक बंदरात सांगेन हे," तो हळूच म्हणाला.

खिलोनिसने मान डोलावली आणि ती पुढे निघाली. धुक्यातून माणसं येत होती, तिचे हात हातांत घेत होती, विरून जात होती. सगळं पाण्याखाली चालल्यासारखं.

मैत्रीण तिमायाच्या घराशी ती थांबली. दार वीतभर उघडलं.

"इथे कशाला आलीस? कुणी पाहिलं तर तुलाही बट्टा लागेल."

"पोराचा पाय कसा आहे?"

"सुजलाय. पण वाचेल." तिमायाने फटीतून तिचा चेहरा न्याहाळला. "तुझा गेला आणि तू हसतेस. माझा आला आणि मी तोंड लपवते. खिलो, घरी गेल्यावर तरी रडतेस का गं?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही गं."

"मग मलाही शिकव. मला तर त्याला जेवू घालतानासुद्धा रडू येतं."

खिलोनिसने फटीतून हात घातला आणि तिची बोटं घट्ट धरली. काहीतरी सांगायला तिने तोंड उघडलं. मग मिटलं आणि ती चालू लागली.

घरी येऊन तिने अडसर लावला. कपाळ दाराला टेकवलं. तीन दिवसांचं हसू गळून पडलं आणि पदर तोंडात कोंबून ती रडू लागली. आधी मुक्याने, मग तिला आवरेना.

"आई, हळू," रांजणांच्या मागून दामिस कुजबुजला. "बाहेर ऐकू जाईल."