शहाणा पाय

डॉक्टरांनी उजवा गुडघा दाबला आणि ती कळवळली. शेजारी बसलेल्या नवऱ्याचा चेहरा पडला. आजार तर डाव्या पायात होता, मग दुखणं उजव्यात कसं?

मल्टिपल स्क्लेरोसिसनं लग्नानंतर लवकरच तिचा डावा पाय निकामी केला. मेंदूचा निरोप तिथवर धड पोचायचाच नाही. घरात त्या पायाचं नाव लाडोबा. त्याला खास पट्टा, खास बूट, रोज नवऱ्याच्या हातचं मालिश. उजवा तो शहाणा. शहाण्याला कोण विचारतं? त्याच्यावर सगळा भार टाकून ती पार्लरमध्ये दिवसभर उभ्यानं केस कापायची. आता शहाण्यातही आजार शिरला असेल, तर कात्री खाली ठेवून चाकाची खुर्ची धरायची, हे दोघांनाही न बोलता कळत होतं.

नवरा गावाच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. स्वतःच्या इमारतीला लिफ्टच नव्हती. रोज संध्याकाळी तिला पाठुंगळीला घेऊन तो जिने चढायचा. "लिफ्ट आली, पदर सांभाळा!" असं ओरडायचा. हल्ली ओरडत नव्हता. कामाचा शीण असेल, असं ती धरून चालली होती.

"घाबरू नका," सगळे रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाल्या. "आजार इकडे आलेला नाही. डाव्याचं ओझं इतकी वर्षं उजव्यानं एकट्यानं वाहिलं. सांधा झिजलाय."

तिचा जीव भांड्यात पडला. ती चक्क हसली. "म्हणजे म्हाताऱ्या बायकांची गुडघेदुखी! एवढंच ना?"

"एवढंच म्हणून अंगावर काढू नका. चांगल्या पायाकडे कुणी बघत नाही, आणि तोही मुकाट सोसतो. त्याला आता विश्रांती हवी."

मान डोलावत ती नवऱ्याकडे वळली. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिला भडभडून आलं. तिनं त्याचा हात धरला. "अहो, रडताय काय? आजार नाही म्हणताहेत ना त्या!"

त्यानं हळूच हात सोडवून घेतला. तिच्याकडे न बघता तो डॉक्टरांना म्हणाला, "मॅडम, माझंही तेच झालंय."

डॉक्टर खुर्चीतून पुढं सरकल्या. "कुठला गुडघा?"

"गुडघे ठणठणीत आहेत," तो म्हणाला. "पण हिला तुम्हीच सांगा, मला थोडे दिवस आईकडे जाऊ दे म्हणून."